परसामागचा खांब आणि एक पुसट दीर्घिका

ती. आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. (पूर्ण वाकवत नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच, आणि त्यात माझी चूक किती ते तूच ठरव.) तुझे डोळे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यावर थेंब वेळेवर घालतेस ना? डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा तू शेजारणीला उन्हात जायचं होतं म्हणून देऊन टाकलास असं ऐकलं. आत्या, तो चष्मा छत्रीसारखा वाटून वापरायचा नसतो, तो परत माग. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत, म्हणजे तुझी सूनबाई ठीक आहे आणि मी तिच्या समोर आहे.

पत्र लिहायचं कारण असं, की आमच्या धाकट्याने तुला फोन करून "दादाला पोलिसांनी धरलं" असं सांगितल्याचं कळलं. त्याला लहानपणापासून अर्धीच गोष्ट सांगायची खोड आहे, आणि नेमकी वाईट ती अर्धी. मला कोणीही धरलेलं नाही. पोलीस आले होते, हे खरं. भिंतीवरून उडी मारून आले, हेही खरं. पण जाताना फाटकातून गेले आणि त्यातल्या एकाने माझ्याशी हात मिळवला. हे काही त्याने सांगितलं नसणार. म्हणून म्हटलं, सगळं सविस्तर कळवावं.

तुला माहीतच आहे, की मी एक दुर्बीण घेतली आहे. आमच्याकडचे दातांचे डॉक्टर मोठं घर सोडून वरच्या मजल्यावरच्या लहान घरात गेले, तेव्हा ती त्यांना नकोशी झाली आणि मला हवीशी. दुर्बीण म्हणजे फार काही नाही. तिचं तोंड जेवणाच्या ताटापेक्षाही लहान आहे. पण माणूस एकदा तिला डोळा लावतो आणि कामातून जातो. चंद्र बघितला, शनीची कडी बघितली, शेजारपाजारच्यांना दाखवली, तोवर घरात माझं कौतुक होतं. घोडं अडलं ते पुढे. मला दीर्घिकांचा नाद लागला. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावंच्या गावं, आपल्यापासून इतकी लांब की तिथून निघालेला उजेड इथे पोचेपर्यंत कोट्यवधी वर्षं जातात. त्यातही मला मोठ्या, ठसठशीत, पुस्तकात चित्रं असतात तसल्या नकोत. त्यांचे फोटो सगळेच काढतात. मला हव्यात त्या बारक्या, पुसट, ज्यांना धड नावही नाही, नुसता नंबर आहे. सूनबाई म्हणते, "माणसं नावावरून ओळखत नाहीस, आणि यांचे नंबर पाठ!" आता तिला काय सांगू? ऑफिसात दिवसभर माझ्यासमोर जे येतं ते तक्रार घेऊन येतं. कोट्यवधी वर्षं चालत आलं आणि एकदाही तक्रार केली नाही, असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही.

या फोटोंचा प्रकार तुला थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एक फोटो काढून भागत नाही. कॅमेऱ्याचं झाकण काही मिनिटं उघडं ठेवायचं, मग पुन्हा, मग पुन्हा, आणि असे पुष्कळ फोटो नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या अंधारातून एक डाग वर येतो. तेवढा वेळ आपली पृथ्वी फिरत असते (तिला कोणी थांब म्हणायचं?), म्हणून दुर्बिणीखाली एक मोटर असते, ती दुर्बिणीला तितकीच हळूहळू उलटी फिरवते. ही मोटर आधी ध्रुवताऱ्याकडे नीट रोखावी लागते, आणि ते रोखायचं भोक असतं माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. कंबरेचं कारण हे. शिवाय कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करायला दुर्बिणीवर झाकण घालून नुसत्या काळोखाचे फोटो घ्यावे लागतात. एकदा मी झाकण घातलेल्या दुर्बिणीशेजारी हाताची घडी घालून गंभीरपणे उभा होतो, तेव्हा सूनबाई बाहेर आली. तिने दुर्बीण बघितली, झाकण बघितलं, मला बघितलं. "झाकण काढायचं राहिलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, मुद्दामच घातलंय, अंधाराचा फोटो काढतोय. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मला उजाडल्यावर दुर्बिणीच्या तोंडाला माझा पांढरा बनियन ताणून बांधताना आणि त्याचेही फोटो काढताना पाहिलं. (काचेवरची धूळ कळायला तसा फोटो काढावा लागतो. चांगला धुतलेला बनियन होता.) त्यानंतरच तिने धाकट्याला फोन केला असावा. तिचा केस वाळवायचा ड्रायर मी काचेवरचं दव उडवायला नेतो, हा राग वेगळा.

आता माझ्या दुर्दैवाचा मुख्य भाग. मी नोकरीला कुठे आहे हे तुला वेगळं सांगायला नको. दिवाबत्ती खात्यात! सगळ्या शहरात उजेड पाडायचं काम माझं, आणि घरी येऊन त्याच उजेडाला शिव्या देतो तोही मीच. त्यातल्या त्यात नशीब एवढंच होतं, की आमच्या परसामागच्या गल्लीचं टोक अंधारात होतं. तिथे खांब नव्हता. का नव्हता, हे मी खात्यात कधी विचारलं नाही आणि कोणाला विचारूही दिलं नाही.

एक दिवस ऑफिसात समोर कोण उभं? आमच्या मागच्या घरात राहणाऱ्या मोठ्या बाई. या मला शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर अजूनही माझे हात आपोआप मागे जातात. बाई खुर्चीत बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अरे, तुला सांगायलाच आले. तुझ्या परसात रात्री कोणीतरी येतो."

मी विचारलं, "कोण?"

"चेहरा दिसत नाही. कुबडा आहे. हातात लाल दिवा असतो. वाकून वाकून काहीतरी शोधतो आणि मधूनच स्वतःशी पुटपुटतो. तू गाढ झोपत असशील, पण मला तुझ्या बायकोची काळजी वाटते."

आत्या, तो कुबडा मी होतो. डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून लाल बॅटरी वापरावी लागते, आणि पुटपुटत होतो ते त्या मोटरला उद्देशून. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण बाईंनी "कुबडा" म्हटल्यावर "तो मीच" असं म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "बघतो हं बाई." त्या म्हणाल्या, "बघतो नको. तिथे दिवा लाव." आणि त्या थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेबही त्यांचेच विद्यार्थी निघाले! साहेब उभे राहिलेले मी काचेतून बघितले आणि तिथेच समजलो, की खांब आला.

खांब आला तो साधा नाही. साहेबांनी बाईंसाठी म्हणून नव्या पद्धतीचा पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा दिवा निवडला, जो आम्ही मोठ्या चौकांत लावतो. आणि जागेवर उभं राहून काम करवून घ्यायला कोणाला पाठवलं? मला. मी स्वतः खड्ड्याची जागा दाखवली, स्वतः खांब ओळंब्यात आहे का ते बघितलं, आणि दिवा पेटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यात माझ्याही दोन टाळ्या होत्या. घरी येऊन परसात उभा राहिलो तर आभाळ धुऊन काढल्यासारखं पांढरं. तारे बोटावर मोजण्याइतके. माझ्या दीर्घिकेच्या जागी नुसतं ताक.

(मधेच एक सांगतो. या दिवसांत मी चिडचिडा झालो होतो हे मान्य. पण सूनबाईने तुला "तो दिव्याशी बोलतो" असं कळवलं असेल तर ते अर्धसत्य आहे. मी दिव्याला बोलत होतो. दिव्याशी नाही.)

मग मी उपाय सुरू केले. आधी दोन बांबू रोवून त्यांना घरातल्या दोन गडद चादरी बांधल्या. वारा आला, चादरी शिडासारख्या फुगल्या आणि एक बांबू सूनबाईच्या कुंड्यांवर आडवा झाला. तो विषय तिने अजून काढलेला नाही, आणि ती काढत नाही याचीच जास्त भीती वाटते. दुसरा उपाय म्हणून मी डोक्यावरून काळं ब्लँकेट घेऊन दुर्बिणीला चिकटून बसायला लागलो. आत कॅमेऱ्याची लहानशी स्क्रीन, मी, आणि माझाच घाम. पण बऱ्यापैकी जमू लागलं. एका रात्री तर उभ्या जन्मात पहिल्यांदा मोटर नीट फिरत होती, हवा स्थिर होती, आणि कॅमेरा एका मोठ्या फोटोच्या मधोमध होता.

तिकडे जेवण आटोपून बाई त्यांच्या खिडकीशी आल्या. नव्या दिव्याच्या लख्ख उजेडात त्यांना काय दिसलं असेल, विचार कर. तोच कुबडा, पण आता डोकंच नाही! त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलीस एरवी कधी येतील ते सांगता येत नाही, पण तेव्हा ते नेमके कोपऱ्यावरच होते. मला ब्लँकेटखाली काही कळलं नाही. मागे धप्प झालं, पुन्हा धप्प झालं, आणि दुर्बीण थरथरली.

आत्या, ज्याने फोटोच्या मधोमध दुर्बीण थरथरताना पाहिली नाही, त्याला माझी अवस्था कळायची नाही. मी ब्लँकेटातूनच ओरडलो, "हलू नका! एक पाऊलही टाकू नका! जागच्या जागी उभे राहा!"

दोघेही थांबले. ही वाक्यं त्यांची, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नसावी. शिवाय त्यांना दिसत होतं ते असं, की दिव्याच्या उजेडात एक बिनडोक्याचा माणूस जाडजूड नळी धरून बसलाय. (नळी आभाळाकडे होती, पण घाबरलेला माणूस दिशा बघत नाही.) जाडा होता त्याने हात वर केले. दुसरा मिशीवाला, त्याचा एक पाय कोथिंबिरीच्या वाफ्यावर अधांतरी राहिला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं सूनबाई आलीय आणि माझ्या आवाजातली कळकळ पहिल्यांदाच तिच्यापर्यंत पोचलीय. मनात म्हटलं, किती समजूतदार आहे! फोटो पूर्ण झाला, कॅमेऱ्याने टिक केलं, आणि मी ब्लँकेट बाजूला सारून म्हणालो, "हं, झालं. आता ये."

पुढचं मी थोडक्यात सांगतो. मिशीवाला वाफ्यात पडला. जाडा माझ्या अंगावर धावून आला. तेवढ्यात मागचं दार उघडून सूनबाई हातात लाटणं घेऊन आली आणि "अहो, नवरा आहे तो माझा!" असं ओरडली, पण ते अशा सुरात, की जाड्याला वाटलं ती तक्रारच करतेय. शेवटी भिंतीपलीकडून बाईंची बॅटरी माझ्या तोंडावर पडली.

"तू?" बाई म्हणाल्या.

मी हात मागे बांधून उभा राहिलो. "हो बाई."

"आणि तो कुबडा?"

"तोही मीच बाई."

"मग ऑफिसात का बोलला नाहीस?"

पन्नाशी उलटलेला माणूस, दोन पोलीस आणि बायको यांच्यासमोर असा उभा. मी खाली मान घालून म्हणालो, "लाज वाटली." बाई फाटकाकडून वळसा घालून आत आल्या आणि म्हणाल्या, "दाखव काय करतोस ते."

मी स्क्रीनवर फोटो दाखवला. चौघंही वाकली. मधोमध एक पुसट, लांबट डाग होता, तांदळाच्या दाण्याहून बारीक. मिशीवाल्याने अंगाची माती झटकत विचारलं, "हे काय, धुकं का?" मी सांगितलं. किती लांब आहे ते सांगितलं, त्यात किती तारे असतील ते सांगितलं, हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाचं काही नव्हतंच, हेही सांगितलं. जाड्याने टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाही माहीत नसावं. बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून खांबाकडे बघितलं.

"एवढ्या लांबून आला," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या दिव्यात विरघळला?"

मी म्हटलं, "थोडासा बाई."

"उद्या काढून टाक तो दिवा."

आत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (दव होतं, असं मी सूनबाईला सांगितलं.) पण माझ्या नशिबात सरळ असं काही नाही. बाई दुसऱ्या दिवशी खरोखर साहेबांकडे गेल्या, पण साहेबांनी हात जोडले. दिवा लावायची पद्धत आमच्या खात्यात आहे, काढायची नाही. बिघडला तर मात्र दुरुस्तीला वेळ लागू शकतो, असं म्हणून साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं.

मी काय समजायचं ते समजलो. दिवेलागण झाल्यावर शिडी घेऊन खांबावर चढलो. एक तार सैल करायची, एवढंच काम. हात पेटीपर्यंत पोचला आणि खालून आवाज आला, "बिघडला का हो?"

खाली इस्पितळातली एक नर्स उभी होती. तिला मी ओळखत होतो. पूर्वी गल्लीच्या त्या टोकाला आली की ती पर्स छातीशी धरून धावत सुटायची, आमच्या परसातून तिची पावलं ऐकू यायची. (मी तेव्हा काय म्हणत असे सांगू? दुर्बीण हलते, असं म्हणत असे.) आता ती खांबाखालच्या कठड्यावर बसून आरामात चपलेतला खडा काढत होती. म्हणाली, "बंद नका करू हं. हा आल्यापासून मी चालत घरी जाते."

मी वर, ती खाली. तोंडातून निघालं ते असं, "छे छे, बंद कशाला? पुसायला आलोय." आणि आत्या, ती बघत होती म्हणून मला तो दिवा खरोखर रुमालाने पुसावा लागला. आधीपेक्षा जास्त पडला उजेड! खाली उतरलो तर ती म्हणाली, "किती छान काम करता तुम्ही लोक." मी शिडी खांद्यावर घेतली आणि घरी येऊन जेवलो नाही.

त्यानंतर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून एक टोपी करून घेतली. दिव्याला वरून आणि आमच्या बाजूने झाकेल अशी, म्हणजे उजेड गल्लीत पडावा, आभाळात जाऊ नये. पहिली टोपी फार मोठी झाली, ती वाऱ्यावर वाजायची. दुसरी फार लहान झाली. तिसरी बसली. आता गल्ली पूर्वीइतकीच उजळ आहे आणि परस बराच काळा आहे. टोपी बसली आणि लगेच आभाळ भरून आलं, ते कितीतरी दिवस उघडलंच नाही, हे वेगळं सांगत नाही. शेवटी उघडलं. फोटो काढले, एकावर एक रचले, आणि तो तांदळाचा दाणा वर आला. त्याला एका बाजूला बारीकशी शेपटी आहे. मी सूनबाईला बोलावलं. ती बघून म्हणाली, "एवढंच?" आणि गेली. थोड्या वेळाने काहीतरी शोधायच्या निमित्ताने पुन्हा आली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "शेपटी आहे हे आधी नाही सांगितलंस." फोटो सोबत पाठवतो आहे. त्यातल्या बारीक बारीक ठिपक्यांकडे बघू नकोस, मधला लांबट तो.

तर हे असं आहे. पोलिसांचं खरं-खोटं तुला कळलं, आता धाकट्याचा फोन आला तर त्याला तूच सुनाव. थेंब घाल. चष्मा परत माग.

तुझा, कंबरेने हैराण,
भाचा

ता.क. लिहायचं राहिलं. त्या टोपीवर साहेब खूश झाले आणि डोंगरावरच्या वस्त्यांत दिवे लावायचं नवं काम माझ्या गळ्यात घातलं. त्यात तुझी वस्ती आहे, आणि पहिला खांब तुझ्याच फाटकासमोर आहे. आत्या, तुझ्या अंगणाइतका काळाभोर अंधार मला आता कुठे मिळायचा नाही. तेव्हा एक विनंती. माणसं मोजणी करायला येतील त्यांना "मला दिवा नको, उजेडात कोंबड्या झोपत नाहीत" असं ठणकावून सांग. तू वयाने सगळ्यांत मोठी, तुझा शब्द कोणी मोडणार नाही. एकच वर्ष. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मनातलं निघत गेलं.

पुन्हा ता.क. पाकीट बंद करायच्या आधी सूनबाई पत्र वाचते. वरचा ता.क. वाचून तिने कागद खाली ठेवला आणि मला सांगितलं, की मागच्या महिन्यात फाटक लावायला गेलीस तेव्हा अंधारात तुझी पायरी चुकली, आणि दूधवाला येईपर्यंत तू तिथेच बसून होतीस. "त्याला सांगू नकोस, कामाचा माणूस आहे," असंही म्हणालीस म्हणे. आत्या, वरचं तू वाचलं नाहीस असं समज. खांब फाटकासमोर नाही, पायरीला लागूनच घालतो, आणि तो घालायला मी स्वतः येतोय. मात्र खांब उभा केल्यावर त्याचं सिमेंट सुकेपर्यंत दिवा जोडता येत नाही. तेवढी एक रात्र अंधार राहील. त्या रात्री पायऱ्या उतरताना माझा हात धर, मी अंगणात दोन खुर्च्या टाकून ठेवतो.